फोटोतले मालक कुठे निघाले?

थोरले मालक हयात असताना कारखान्याच्या खालच्या मजल्यावर फारसे कधी उतरले नाहीत. वारल्यावर मात्र रोज चालायला लागले.

चालायची वेळ ठरलेली. भोंगा वाजला, बाटल्यांचा पट्टा थांबला, की बाकावरच्या तपासणीवाल्या बायका एका दमात माना वर करायच्या. समोरच्या भिंतीवर, अगदी नाकासमोर, थोरल्या मालकांचा कमरेपर्यंतचा फोटो. तो ते गेल्यावर तिथे लावलेला. त्याआधी ती भिंत नुसतीच पांढरी होती. आणि तो फोटो सरकायचा. थरथरायचा नाही, पडायचा नाही. सावकाश, रुबाबात, उजवीकडे सरकायचा.

"निघाले गं, निघाले!"

"आज जरा घाईत दिसतायत."

"फोटोत पाय नाहीत, तरी कसे चालतात बघ ना."

"हयातीत गाडीनं फिरले. आता ती हौस फेडतायत."

भरणा विभागातल्या बायका बातमी ऐकून दारात गर्दी करायच्या. टाचा उंच करकरून बघायच्या. फोटो आपला खिळ्याला लटकलेला. "आम्हाला कुठे काय दिसतंय?" असं त्या म्हणाल्या, की बाकावरची सगळ्यात जुनी तपासणीवाली, जिला सगळे आक्का म्हणत, ती फणकारायची, "आमच्यासारखं दिवसभर बाकावर बसा, मग दिसेल!" आक्का किती खरं बोलत होती, हे आक्कालाच माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. म्हणजे आली, पण तिचाही चमत्कारच झाला. मालक रोज उजवीकडे चालायचे, पण फोटो आणि शेजारचा स्विचबोर्ड यांच्यातलं वीतभर अंतर काही कमी व्हायचं नाही. चालतात, पण पोचत नाहीत. हयातीत पगारवाढीच्या बाबतीत मालकांचं असंच असायचं, म्हणून असेल, कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

हे सगळं कारखान्याच्या दवाखान्यात बसून नर्सबाई ऐकत होत्या. दवाखाना म्हणजे एक खोली. एक खाट, वजनकाटा, पट्ट्यांचं कपाट आणि खिडकीत वाळत घातलेले हातमोजे. डोकं दुखतंय म्हणून आलेली बाई डोक्याचं दोन मिनिटं सांगायची आणि मालकांचं दहा मिनिटं. नर्सबाई "हं, हं" करत गोळी द्यायच्या. त्यांना वाटलं, चार दिवस चालतील आणि थांबतील.

पण धाकट्या मालकांनी बाबा आणले.

बाबांचे कपडे पांढरे, दाढी पांढरी, बूटही पांढरे. इतका पांढरा माणूस बाटल्यांसारखा तपासणीच्या उजेडाच्या पाटीपुढून नेला असता, तर डाग सापडायला सोपा गेला असता. ते हळू बोलायचे, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलेला माणूस आपोआप भाविक दिसतो.

"जे दिसतं ते असतंच असं नाही," बाबा म्हणाले, "आणि जे असतं ते दिसतंच असं नाही." वाक्य सुलटं धरा की उलटं, हाती काही लागत नव्हतं. त्यामुळे ते फार खोल आहे, असं सगळ्यांचं मत पडलं.

"पण बाबा, ते उजवीकडेच का जातात?" आक्कानं विचारलं.

"उजवीकडे काय आहे, माई?"

"बाटल्या धुण्याचं यंत्र."

"पट्टा थांबला, काम थांबलं. त्या जिवाला चैन कसं पडेल? तुम्ही चहाला उठता, आणि ते बिचारे स्वतः बाटल्या उचलायला निघतात."

बायकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धाकट्या मालकांनीही रुमाल काढला. त्यांना स्वतःला फोटो कधी हलताना दिसला नव्हता, पण परक्या बायकांना बाप चालताना दिसतो आणि पोटच्या पोराला दिसत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार? ते म्हणाले, "मलाही दिसतात. स्पष्ट दिसतात."

मग बायकांनी आपणहून संकल्प केला की मधल्या सुट्टीत पट्टा थांबवायचा नाही. चहा आळीपाळीनं, उभ्याउभ्या घ्यायचा. दर्शन आता पाळी संपल्यावर एकदाच. त्यासाठी बाबांनी विधीही सांगितला: समोरच्या उजेडावर नजर खिळवून ठेवायची, बाटल्यांच्या मागे भटकू द्यायची नाही, आणि पट्टा थांबताच, क्षणभरही इकडेतिकडे न बघता, फोटोकडे पाहायचं. "विधी नीट केला की दर्शन जास्त स्पष्ट होईल." आणि खरोखरच झालं.

दवाखान्यातली खाट आता रिकामी राहीना. कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला भोवळ येते. नर्सबाई गोळ्या देत होत्या आणि मनातल्या मनात बाबांना वेगळंच काही देत होत्या.

हे इतकंच असतं तरी त्यांनी कदाचित दात-ओठ खाऊन सोडून दिलं असतं. पण बाकावर त्यांची नणंद बसत होती.

नणंदेला घरात चिमी म्हणत. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तोंड उघडत नव्हती, जेवायला वाढलं तर निम्मं परत करायची. मग नर्सबाईंनीच शब्द टाकून तिला इथे चिकटवलं. त्या बाकावर बसायला लागल्यापासून तिची मान सरळ झाली होती. भावाच्या घरात ती पाहुणी नव्हती, ती या नोकरीच्या जोरावर. आता घरात येताना दार वाजवत नसे, सरळ लोटून यायची आणि "वहिनी, भूक लागली!" म्हणून ओरडायची. नर्सबाईंना ते ओरडणं फार आवडायचं.

तर बाबांनी एकदा विचारलं, "दर्शन कुणाला होत नाही?" आणि या वेडीनं खरं सांगितलं, "मला."

बाबांनी डोळे मिटले. "मनात खोट असली, की दर्शन होत नाही. ते तिच्यासमोर यायला तयार नाहीत."

झालं. दुसऱ्या दिवसापासून चिमीच्या दोन्ही बाजूंना बाक रिकामा. सांडलेल्या पाण्याभोवतीनं जावं, तशा बायका तिच्याभोवतीनं जायला लागल्या. मग धाकट्या मालकांनी निरोप दिला: थोरल्या मालकांच्या वर्षश्राद्धाला बाबा येतील, त्या दिवशी जिला दर्शन होणार नाही, तिनं बाक सोडायचा. कारण काय, तर वातावरण बिघडतं.

त्या संध्याकाळी चिमी ओट्याशी भांडी विसळत होती. मध्येच म्हणाली, "वहिनी, ऐक. आधी 'निघाले!' म्हणू, की आधी छातीवर हात ठेवू?"

"काय?"

"नाटक करणार आहे. आक्का आधी हात ठेवते, मग ओरडते. पण माझं तसं खरं वाटत नाही. बघ हं." साबणाचा हात छातीवर ठेवून ती म्हणाली, "निघाले!" आवाज असा आला, जणू बस निघाली.

नर्सबाईंना हसू फुटलं. चिमीही हसली, आणि हसताहसताच तिचा चेहरा वाकडा झाला. "वहिनी, सगळ्यांना दिसतं गं. खरंच दिसतं, नाटक नाही करत त्या. मी वाईट आहे का?"

"वाईट असतीस तर केव्हाच दिसलं असतं," नर्सबाई म्हणाल्या. पण रात्रभर त्यांना ते साबणाचे हात दिसत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाकावरची एक बाई भोवळ येऊन खाटेवर येऊन पडली. नर्सबाईंनी तिला पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "पड तू. तुझ्या जागी मी बसते." गेल्या त्या हसायलाच. एकदा आपल्या डोळ्यांनी फोटो जागच्या जागी बघायचा आणि सगळ्यांच्या तोंडावर सांगायचं, की बायांनो, काही हलत नाही.

बसल्या. समोर उजेडाची पांढरी पाटी, तिच्यापुढून बाटल्यांची रांग. उजवीकडून येतात, डावीकडे जातात. तडा, डाग, कचरा दिसला की उचलायची. आक्कानं दटावलं, "बाटलीमागे बघू नका, बाई. नजर समोर. बाटल्या आपल्याआप जातात." नर्सबाईंनी नजर समोर ठेवली. थोड्या वेळानं बाटल्या संपून नुसता एक काचेचा ओढा उरला, डावीकडे वाहणारा.

भोंगा झाला. पट्टा थांबला. त्यांनी मान वर केली.

थोरले मालक निघाले.

नर्सबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. भास नाही, अंधार नाही, डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट, आणि फोटो उजवीकडे सरकतोय. हसायला आलेला माणूस जास्त घाबरतो. त्यांची तर बोबडीच वळली. ओरडू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात न्यायला पंजा वर केला, आणि पंजा डोळ्यांसमोरून जाताना त्यांना दिसलं, की तळहातावरच्या रेषाही उजवीकडे चालल्यात.

त्यांनी आक्काकडे बघितलं. आक्काचं नाकही उजवीकडे निघालं होतं.

थोरले मालक फोटोत शिरले, हे एक वेळ मानता येईल. हातात शिरले, तेही चालेल. पण आक्काच्या नाकात कशाला शिरतील? हयातीत त्यांनी तिला कधी ओळखही दाखवली नव्हती. नर्सबाई पुढे काही विचार करणार, तोवर सगळं थांबलं. नाक नाकाच्या जागी, फोटो खिळ्यावर.

आणि मग त्यांनी बाकाच्या टोकाला बसलेल्या चिमीकडे पाहिलं. पट्टा पुन्हा सुरू झाला होता, दुसऱ्या पाळीसाठी थोड्या बाटल्या पुढे सरकवायच्या होत्या. बाकीच्या समोर बघत होत्या. चिमीचे डोळे मात्र प्रत्येक बाटलीला हात धरून पोचवायला जात होते. बाटली आली, तिच्याबरोबर डावीकडे, शेवटपर्यंत. मग टुणकन परत उजवीकडे, दुसरी बाटली.

दवाखान्यात येऊन त्यांनी फोन लावला. तपासणीवाल्यांची नजर तपासायला दर वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई यायच्या, त्यांना. सगळं सांगितलं, आक्काच्या नाकासकट. पलीकडे डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या, की नर्सबाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"अहो, तुमचे डोळे उत्तम आहेत. मेंदूही आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळा म्हणजे कॅमेरा, असं आपण समजतो. तसं नसतं. डोळा नुसत्या खबरा पाठवतो, आणि काय चाललंय ते मेंदू ठरवतो. मेंदूत काही पेशी डावीकडची हालचाल टिपतात, काही उजवीकडची. समजा, दोन्हीकडून दोरी ओढणारे गडी आहेत. समोर काही हलत नसतं, तेव्हाही ते थोडं थोडं ओढतच असतात. जोर सारखा, म्हणून दोरी मध्ये. मेंदू म्हणतो, सगळं स्थिर आहे."

"बरं."

"आता तुम्ही तासन्‌तास डावीकडे जाणाऱ्या बाटल्या बघितल्या. डावीकडचे गडी ओढून ओढून थकले. पट्टा थांबला. दोन्हीकडचे परत साधं ओढायला लागले, पण डावीकडच्यांच्या हातात जोर कुठाय? दोरी उजवीकडे. मेंदू म्हणतो, उजवीकडे काहीतरी चाललंय. मग समोर जे असेल ते चालतं. फोटो असो की नाक."

"पण डॉक्टर, चालतात आणि पोचत नाहीत, ते?"

"वस्तू कुठे आहे, याचा हिशेब मेंदू वेगळ्या ठिकाणी ठेवतो, ती हलतेय का, याचा वेगळ्या. एकाची गडबड झाली, दुसऱ्याची नाही. म्हणून चालतात, पण जागा सोडत नाहीत. गडी दमले होते, ते थोड्या वेळात ताजे होतात. चमत्कार संपला."

"आणि माझ्या नणंदेला का नाही दिसत?"

"ती बाटलीबरोबर डोळे नेते, असं तुम्हीच म्हणालात ना? मग तिच्या डोळ्याच्या पडद्यावर बाटली जागच्या जागीच राहते. तिचे गडी कशानं थकणार?" मग डॉक्टरीणबाईंनीच उलट विचारलं, "पण काय हो, नजर भटकू देऊ नका, थांबताच लगेच फोटो बघा, हे त्या बाबांनी सांगितलं? हे सगळं करूनच तर हा प्रकार जोरात दिसतो. माणूस कच्चा नाही. त्याला ठाऊक आहे."

नर्सबाईंनी फोन ठेवला. सगळं समजलं होतं. पण समजलेलं नुसतं सांगून काय उपयोग? बाकावर जाऊन पेशी, मेंदू, दोरी सांगितलं असतं, तर आक्का म्हणाली असती, "तुमचे गडी तुमच्यापाशी ठेवा, आम्हाला मालक दिसतात." दिसणाऱ्याला ऐकू कमी येतं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी त्या पट्ट्याच्या मिस्त्रीकडे गेल्या. "दादा, पट्टा उलटा फिरतो का हो?"

"सफाईच्या दिवशी फिरवतोच की."

"आज फिरवा. बाबा येणार, तर जरा सफाई नको?"

मिस्त्रीनं त्यांच्याकडे बघितलं. त्याचीही मधल्या सुट्टीतली बिडी गेली होती. "किती वेळ फिरवू?" एवढंच त्यानं विचारलं.

त्या दिवशी बाटल्या डावीकडून उजवीकडे जात होत्या. बायकांना त्यात नवीन काही नव्हतं, सफाईला असं व्हायचंच; फक्त एरवी तेव्हा त्या बाकावर बसत नसत. त्यांनी विधीप्रमाणे नजर समोर खिळवली. बाबा नेहमीसारखे वर धाकट्या मालकांच्या खोलीत बसले होते. भोंगा व्हायच्या वेळीच अवतरायची त्यांची पद्धत होती. चिमी टोकाला बसली होती, दोन्ही बाजूंना रिकामा बाक. तिनं छातीवर ठेवायचा हात मांडीवर तयार ठेवला होता.

जिना वाजला. बाबा आणि धाकटे मालक आत आले, आणि त्याच क्षणी भोंगा झाला. पट्टा थांबला. माना वर झाल्या.

बाबांनी अर्धे डोळे मिटून हात पसरले. "पाहा! निघाले! त्या यंत्राच्या ओढीनं, कामाच्या ओढीनं..."

"दिसतात, बाबा," धाकटे मालक म्हणाले. "उजवीकडे चाललेत. स्पष्ट."

 बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो बाबा," आक्का चाचरत म्हणाली, "ते डावीकडे चाललेत."

"काय?"

"डावीकडे! होय की नाही गं?"

"होय की!"

"कँटीनच्या दाराकडे!"

"अगं बाई, मालक चहाला निघाले!"

एकीला हसू आवरेना, मग दुसरीला. बाबांचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. "त्यांचं... मन बदललं असेल. मृतात्म्याचं मन..."

"आत्ता?" नर्सबाई पुढे झाल्या. "आत्ता तर तुम्हाला उजवीकडे दिसले. धाकट्या मालकांनाही दिसले. या सगळ्यांना डावीकडे. एक फोटो एका वेळी दोन्हीकडे कसा जाईल, बाबा? का तुम्हाला काही दिसतच नव्हतं?"



नर्सबाईंनी मिस्त्रीला पट्टा सुरू करायला सांगितला, या खेपेला सुलटा, आणि बायकांना नजर समोर ठेवायला. तो चालू असताना त्या स्टुलावर चढल्या, फोटो नीट काढून खाली ठेवला आणि त्याच खिळ्याला आगीसाठी ठेवलेली वाळूची लाल बादली, वाळू काढून, अडकवली. पट्टा थांबला. बादली निघाली. उजवीकडे, सावकाश, रुबाबात.

"बादलीचं काय राहून गेलंय, बाबा?" आक्कानं विचारलं. आक्काचं एक होतं, एकदा उलटली की पूर्ण उलटायची.

मग नर्सबाईंनी दोरी ओढणाऱ्या गड्यांचं सांगितलं. आता ऐकायला कान होते. "तुम्हाला खोटं दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला खरंच दिसलं. मलाही दिसलं, बोबडी वळली माझी. दिसण्यात खोटं काही नव्हतं. खोटं होतं ते त्याच्यावर चिकटवलेलं. मालक रागावलेत, सुट्टी सोडा, हिच्या मनात खोट आहे... हे यातलं कुणाला फोटोत दिसलं होतं?"

नर्सबाई बाकाच्या टोकाकडे वळल्या.

"चिमे, ये. बाटलीमागे जाऊ नकोस. समोर बघ."

चिमी बसली. पट्टा फिरला. तिला ते जमेना. डोळे सारखे बाटलीमागे पळायचे, आणि आक्का शेजारी येऊन, अगदी खेटून बसून, "समोर गं, समोर," करत राहिली. पट्टा थांबला. चिमीनं वर बघितलं.

"अगंऽ!" ती किंचाळली. छातीवर हात ठेवायची तयारी विसरून गेली. "चालली! वहिनी, बादली चालली!" आणि बाकावर दोन्ही हात आपटून ती लहान पोरीसारखी हसायला लागली, मग त्याच हातांनी तोंड झाकून रडायला. आक्का तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःचं नाक पुसत होती.

बाबा केव्हा गेले, ते कळलं नाही. इतका पांढरा माणूस पांढऱ्या भिंतीपुढे दिसेनासा होणं अवघड नव्हतं.

धाकटे मालक मात्र थांबले. फोटो उचलून त्याच्यावरची वाळू पुसत होते. हळूच म्हणाले, "मला खरं तर कधीच दिसले नाहीत हो. वाटायचं, माझ्यावरच रागावलेत." मग जरा सावरून, मालकासारखा आवाज काढून, "मधली सुट्टी उद्यापासून पहिल्यासारखी," म्हणाले. आणि चिमीकडे बघून अडखळले. "आणि यांचं... यांचं काय करायचं?"

नर्सबाई स्टुलावरून उतरल्या.

"हिचं काय करायचं असतं? ही बसेल इथेच," त्या म्हणाल्या. आणि मग सगळ्या बाकाकडे वळल्या. "बायांनो, उद्या पुन्हा काहीतरी विचित्र दिसेल. या डोळ्यांना आणि या डोक्याला असले खेळ खूप येतात. दिसलं तर घाबरा, हरकत नाही; मीही घाबरले. पण मग विचारा. बाकीच्यांना का दिसत नाही? इकडे दिसतं तर तिकडे मान वळवल्यावरही दिसतं का? उलटं करून बघितलं तर काय होतं? उत्तर मिळायला वेळ लागेल. कधी मिळणारही नाही. पण मिळेपर्यंत, एवढं करा, कुणा बाईला बाकावरून उठवू नका."